हातभर जागा

“इथे गिलावा नको,” झिसेल म्हणाली.
दारासमोरच्या भिंतीत, डोक्याच्या जरा वर,
हातभर लांब, हातभर रुंद,
उघड्या विटा.
मला वाटलं, त्या वेळी पैसे संपले असतील.

मी ओरेस्त. बाप गवंडी, आजा गवंडी.
प्रुतच्या या काठावर चर्चचे घुमट, दुधाची डेअरी,
तुरुंगाची नवी भिंत,
सगळ्यावरून आमची थापी फिरलेली.
अर्धी भिंत आम्हाला बघवत नाही.
गाव भिंतीला हसत नाही, गवंड्याला हसतं.

“अर्धी नाही ती,” किल्ल्या कमरेला खोचत ती म्हणाली,
“पुरी करायचीच नसते.
जेरुसलेमचं मंदिर पडलं,
तेव्हापासून आमचं कुठलंच घर अख्खं नाही.
लग्न होऊन नव्या घरात गेले तरी
एवढा तुकडा सोडायचा.
जेवताना नजर तिथे गेली पाहिजे.”

मग तिने मला तीन पायऱ्या खाली नेलं.
ओल. कुबट वास. मी म्हटलं, जमीन खचलीय.
“खणलीय,” ती म्हणाली.
“हाक मारायची तर खोलातून मारावी, असं आहे आमच्यात.
आणि कायदाही होता तेव्हा, चर्चहून उंच बांधायचं नाही.
मग काय, उतरले खाली.”
मी वर पाहिलं.
छप्पर बाहेरून बुटकं,
आत मात्र आभाळ तीन पायऱ्यांनी वाढलेलं.
ज्याने ही युक्ती काढली
त्याच्या हाताखाली मी फुकट राबलो असतो.

बारा खिडक्या, बारा वंशांच्या.
तिघांच्या काचा गेल्यात, तिथे पुठ्ठे.
खिडकी नसलेल्या खोलीत प्रार्थना करत नाहीत म्हणे.
पुठ्ठ्यांचं काय, ते मी विचारलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी म्हातारे आले.
झिसेलच्या भावाचं वर्षश्राद्ध, आपल्या भाषेत सांगायचं तर.
मी परातीवर होतो, पाड्यावर, चुन्याने माखलेला.
लायझर मोजू लागला. माणसं मोजत नाहीत ते,
नजर लागते.
“नाही-एक, नाही-दोन, नाही-तीन…”
नाही-नऊला येऊन थांबला.
मेलेल्यासाठीचा कद्दिश म्हणायला दहा लागतात.

कोणीतरी पूर्वेच्या भिंतीकडे बोट केलं,
तोराचं कपाट धरू या दहावं.
लायझर म्हणाला, “कपाट म्हणजे माणूस का?”
मग सगळे बाकांवर बसून राहिले.
मी धरला जात नाही
हे मला कुणी सांगावं लागलं नाही.
थापी खाली ठेवली, एवढंच.
शाळेत बाई शिकवायच्या, नऊ मांडा, हातचा एक.
तो एक कुठे असायचा कोण जाणे,
पण बाईंना दिसायचा.

चेर्निव्त्सीची बस सात वाजता आली.
एक बाई उतरली, कोंबडी घेऊन.

त्यांनी प्रार्थना केली. कद्दिश तेवढा राहिला.
त्याची जागा आली तेव्हा
लायझरने पान न उलटता बोट तसंच धरलं,
आणि सगळे गप्प. बराच वेळ.
कपाटापुढचा दिवा विजेचा आहे, फुरफुरत होता.
झिसेल वरच्या जाळीआड उभी होती.
तिचे डोळे मला दिसत नव्हते.
पण कुठे लागले असतील ते कळलं.

शुक्रवारी पोऱ्याने सवयीने तो तुकडा लिंपून टाकला.
चुना ओला होता म्हणून वाचलो.
बोटांनी, मग चमच्याने, मग जुन्या टूथब्रशने
मी एकेक वीट पुन्हा उघडी केली,
कडा ओळंब्याला लावून सरळ धरल्या.
अख्ख्या भिंतीला दीड दिवस,
त्या हातभराला पाऊण.

बिल करताना तेवढं माप वजा धरलं.
झिसेलने चष्मा लावला, पेन्सिल मागितली,
माझी वजाबाकी खोडली.
“हे मोज,” म्हणाली, “आधी हे.”